दाहक आंत्ररोगातील आहार आणि मानसिक आरोग्य

दाहक आंत्ररोग किंवा आयबीडी हा पचनमार्गात दीर्घकाळ दाह निर्माण करणाऱ्या विकारांचा गट आहे. क्रोन्स रोग आणि व्रणीय बृहदांत्रशोथ, म्हणजेच अल्सरेटिव्ह कोलायटिस, हे त्यातील दोन प्रमुख आजार होत. या रुग्णांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळते. आहाराचा त्यांच्या मानसिक आरोग्याशी असलेला संबंध प्रामुख्याने तीन वाटांनी घडतो. आहारामुळे आतड्यातील दाह व लक्षणे कमी-अधिक होतात. पोषणद्रव्यांच्या कमतरतेचा मेंदूच्या कार्यावर परिणाम होतो. आणि खाण्याची भीती, अन्नपदार्थ वर्ज्य करण्याची सवय व त्यातून येणारा एकाकीपणा यांचा मनावर थेट भार पडतो. तिसऱ्या वाटेकडे संशोधनाचे लक्ष उशिरा गेले. रुग्णाच्या रोजच्या जगण्यात मात्र तीच सर्वाधिक जाणवते.

दाहक आंत्ररोग आणि इरिटेबल बॉवेल सिंड्रोम हे वेगवेगळे आजार आहेत. दुसऱ्यात आतड्याला व्रण किंवा सूज नसते. एकासाठी तपासलेला आहार दुसऱ्यालाही तसाच लागू पडतो, हा समज आहारविषयक लोकप्रिय लेखनात वारंवार दिसतो.

मानसिक लक्षणांचे प्रमाण

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात ७७ अभ्यासांतील ३०,००० हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यात सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये चिंतेची आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. आजार सक्रिय असताना चिंतेचे प्रमाण ५७.६ टक्के व नैराश्याचे ३८.९ टक्के होते. आजार शमलेला असताना ते अनुक्रमे ३८.१ व २४.२ टक्के होते. आजार सक्रिय आहे की नाही याची नोंद काही अभ्यासांतच असल्याने हे आकडे एकूण सरासरीशी तंतोतंत जुळत नाहीत. तसेच ही प्रश्नावलीतून दिसलेली लक्षणे आहेत, मनोविकारतज्ज्ञाने केलेले निदान नव्हे. तरीही आतडे शांत असतानाही चिंता बऱ्याच अंशी टिकून राहते, ही बाब महत्त्वाची आहे. केवळ दाहावर उपचार केल्याने मनःस्थिती आपोआप पूर्ववत होईल असे त्यावरून म्हणता येत नाही.

संबंधाची दिशा दुहेरी आहे. इंग्लंडमधील लीड्स येथे ४०५ रुग्णांचा किमान दोन वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सक्रिय आजार असलेल्यांत पुढे चिंता उद्भवण्याचा धोका अधिक दिसला, तर सुरुवातीला चिंता असलेल्यांत पुढे आजार उफाळण्याचे प्रमाण अधिक दिसले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्रणीय बृहदांत्रशोथ हा मनातून उद्भवणारा आजार मानला जाई. १९३० मध्ये अमेरिकी वैद्य सेसिल मरे यांनी या आजाराच्या मानसिक कारणांवर लेख लिहिला. पुढे मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी ज्या सात आजारांना मनोकायिक मानले, त्यांत दमा, संधिवात, उच्च रक्तदाब आदींसोबत या आजाराचा समावेश होता. या मताचा जाच रुग्णांना झाला, कारण आजाराचे मूळ त्यांच्या स्वभावात किंवा आईशी असलेल्या नात्यात शोधले जाऊ लागले. १९९० मध्ये कॅरोल नॉर्थ व सहकाऱ्यांनी अशा १३८ अभ्यासांची छाननी केली आणि त्यांतील बहुतेकांची कार्यपद्धती सदोष असल्याचे दाखवून दिले. मनामुळे हा आजार होतो, हे मत त्यानंतर मागे पडले.

आहाराबाबतही असेच टोकाचे आग्रह होते. रुग्णांना दीर्घकाळ मऊ, बेचव, चोथाविरहित अन्नावर ठेवले जाई. ऑक्सफर्ड येथील सिडनी ट्रूलव्ह यांनी १९६१ मध्ये दुधामुळे आजार उफाळलेल्या काही रुग्णांचे वर्णन केले आणि १९६५ मध्ये सहकाऱ्यासह आहारबदलाची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. दुधाविषयीची सार्वत्रिक भीती यानंतर बराच काळ टिकून राहिली.

जैविक यंत्रणा

आतड्यातील दाहात निर्माण होणारी सायटोकाइन नावाची प्रथिने रक्तावाटे व चेतांवाटे मेंदूपर्यंत संदेश पोहोचवतात. त्यामुळे गळून गेल्यासारखे वाटणे, भूक मंदावणे, झोप बिघडणे, माणसांत मिसळावेसे न वाटणे अशी लक्षणे दिसतात. ताप आलेल्या माणसाची जी अवस्था दोन-तीन दिवस असते, ती दीर्घकालीन दाहात महिनोन्महिने राहू शकते. याच सायटोकाइनांमुळे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल सेरोटोनिनऐवजी कायन्युरेनिन नावाच्या संयुगाकडे अधिक वळते आणि त्या मार्गातील काही घटक मेंदूतील पेशींना अपायकारक असतात.

दाह व मनःस्थिती यांच्या नात्याचा एक पुरावा उलट दिशेने मिळाला. दाहक आंत्ररोगात वापरले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध नेहमीच्या उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर तपासले गेले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत एकूण गटाला लाभ झाला नाही. परंतु ज्यांच्या रक्तात दाहाचा निदर्शक असलेल्या सीआरपीचे प्रमाण अधिक होते, त्यांच्यात सुधारणेची चिन्हे दिसली. नैराश्याच्या सर्वच रुग्णांत दाह हे कारण नसते, काहींत असू शकते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे विधान लोकप्रिय लेखनात नेहमी आढळते. विधान खरे आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. हे सेरोटोनिन रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडून मेंदूत जात नाही. ते मुख्यतः आतड्याच्या हालचाली नियंत्रित करते, आणि मेंदूशी त्याचा संबंध येतो तो व्हेगस चेतेसारख्या मार्गांनी. त्यामुळे एखादे फळ खाल्ल्याने ‘आनंदाचे रसायन’ वाढते, या दाव्याला या आकड्याचा आधार देता येत नाही.

आतड्यातील सूक्ष्मजीव अन्नातील तंतूंचे किण्वन करून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन असून आतड्याचे अस्तर अभंग ठेवण्यास त्यांची मदत होते. दाहक आंत्ररोगात ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू, विशेषतः फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी, बहुधा घटलेले असतात. प्रक्रिया केलेल्या अन्नात वापरल्या जाणाऱ्या कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज व पॉलिसॉर्बेट ८० या पायसीकारकांमुळे उंदरांच्या आतड्यात दाह वाढतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. २०१९ मधील प्रयोगात त्यांच्यामुळे उंदरांच्या चिंतासदृश वर्तनातही फरक पडला आणि हा फरक नर व मादी यांत वेगवेगळा होता. हे निष्कर्ष प्राण्यांवरील असून माणसांच्या मनःस्थितीबाबत त्यांवरून थेट अनुमान काढणे योग्य ठरत नाही.

पोषणद्रव्यांची कमतरता

आहार आणि मन यांच्या संबंधातील सर्वांत ठोस आणि उपचारसाध्य भाग हा आहे. लोहाची कमतरता आतड्यातील रक्तस्राव, कमी शोषण आणि दाह अशा तिहेरी कारणांनी होते. रक्तक्षय नसतानाही लोह कमी असल्यास थकवा, चिडचिड व लक्ष न लागणे उद्भवू शकते. आजार सक्रिय असताना दाहामुळे आतड्यातून लोह शोषले जात नाही आणि गोळ्यांनी पोटदुखी वाढू शकते. म्हणून अशा वेळी ते शिरेवाटे दिले जाते. केवळ पालक, खजूर व गूळ यांवर भर देऊन ही तूट भरून निघत नाही.

ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते. क्रोन्स रोग बहुधा तेथेच घर करतो, आणि शस्त्रक्रियेत तोच भाग काढावा लागतो. या जीवनसत्त्वाच्या अभावी नैराश्य, विस्मरण, हातापायांना मुंग्या आणि क्वचित भ्रमही उद्भवतात. फोलेटच्या शोषणात सल्फासॅलॅझिन या औषधामुळे अडथळा येतो. जस्ताची तूट दीर्घकाळच्या अतिसारात संभवते. तिच्यामुळे तोंडाची चव जाते आणि खाणे आणखी घटते.

ड जीवनसत्त्वाबाबत अपेक्षा अधिक आणि पुरावा कमी आहे. या रुग्णांत ते अनेकदा कमी आढळते आणि हाडांसाठी ते देणे आवश्यकच असते. परंतु अमेरिकेत १८,००० हून अधिक प्रौढांवर झालेल्या चाचणीत पाच वर्षांहून अधिक काळ ते देऊनही नैराश्य टळले नाही. ही चाचणी दाहक आंत्ररोगाच्या रुग्णांपुरती नव्हती. ओमेगा-३ मेदाम्लांविषयीही असेच म्हणता येते: क्रोन्स रोगाचे शमन टिकवण्यासाठी घेतलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांचा उपयोग दिसला नाही.

मनःस्थितीतील बदलाचे खापर आहारावर फोडण्यापूर्वी औषधांचा विचार करावा लागतो. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडांमुळे निद्रानाश, अस्वस्थता, अतिउत्साह किंवा खिन्नता येऊ शकते, भूक वाढते आणि चेहरा सुजतो. आधी वजन घटल्याने खचलेला रुग्ण काही आठवड्यांत आरशातील गोल चेहऱ्याने खचतो.

अन्नाची भीती आणि वर्ज्यता

जेवणानंतर काही वेळाने पोटात कळ येते किंवा शौचास धावावे लागते, तेव्हा शेवटी खाल्लेल्या पदार्थाकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढणे ही सर्वच माणसांत होणारी प्रतिक्षिप्त क्रिया असून सुजलेल्या आतड्यात ती तीव्रतेने जाणवते. दोष पदार्थाचा नसला तरी तो यादीतून काढला जातो. आजार उफाळलेला असताना हे अनेकदा घडते आणि यादी लांबत जाते. शमनकाळ आल्यावर ते पदार्थ परत खाऊन पाहण्याचे धैर्य होत नाही. न खाल्ल्यामुळेच बरे आहे, असा समज घट्ट होतो. भीती टिकण्याची ही प्रक्रिया चिंताविकारांतील टाळण्याच्या वर्तनासारखीच आहे.

बाहेर पडण्याआधी उपाशी राहणे हा याचाच एक प्रकार आहे. लांबचा प्रवास, परीक्षा, मुलाखत किंवा समारंभ असेल त्या दिवशी स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक रुग्ण काहीच खात नाहीत. आजाराच्या दृष्टीने यातून फारसे साधत नाही. मात्र दिवसभराचा अशक्तपणा, डोकेदुखी आणि संध्याकाळी एकदम अधिक खाल्ल्याने वाढणारी लक्षणे यांतून पुढच्या वेळची धास्ती वाढते.

वर्ज्यता फार वाढल्यास ती स्वतंत्र विकाराचे रूप घेते. टाळाटाळीयुक्त-मर्यादित अन्नग्रहण विकारात, ज्याला आर्फिड म्हणतात, व्यक्ती शरीराच्या आकाराच्या चिंतेने नव्हे, तर खाण्याचे दुष्परिणाम होतील या भीतीने किंवा अन्नातील रस संपल्याने कमी खाते. दाहक आंत्ररोगात या विकाराचे निदान अवघड असते, कारण भीतीला खऱ्या अनुभवाचा आधार असतो. काही बंधने आवश्यकही असतात. आतडे अरुंद झालेल्या रुग्णाने अख्खे दाणे, मक्याचे कणीस किंवा कच्ची चिवट भाजी टाळणे हा भीतीचा भाग नसून अडथळा टाळण्याची खबरदारी आहे. वजन सतत घटणे, मोजके पाच-सहा पदार्थच उरणे, इतरांसोबत जेवणे बंद होणे आणि आजार शमलेला असूनही यादी कमी न होणे ही धोक्याची चिन्हे मानली जातात.

अन्नाशी निगडित जीवनमान मोजण्यासाठी लंडनमधील किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २९ प्रश्नांची प्रश्नावली विकसित केली असून ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण काय खातो यापेक्षा खाणे त्याला कसे वाटते, त्यातून आनंद मिळतो का, घरच्यांवर आपल्यामुळे भार पडतो असे वाटते का, यांवर तिचा रोख आहे.

विशिष्ट आहारपद्धती

भूमध्यसागरी आहारात भाज्या, फळे, कडधान्ये, पूर्ण धान्ये, ऑलिव्ह तेल व मासे यांवर भर असतो. नैराश्यावरील आहारोपचाराचा सर्वाधिक उल्लेख होणारा पुरावा याच पद्धतीचा आहे. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका व सहकाऱ्यांनी मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ व्यक्तींवर १२ आठवड्यांची चाचणी घेतली. २०१७ मधील तिच्या निष्कर्षांनुसार आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३२.३ टक्के, तर केवळ सोबत व संभाषण मिळालेल्या गटात ८ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्या. सहभागी व्यक्तींची संख्या कमी होती, आपण कोणत्या गटात आहोत हे त्यांना माहीत होते आणि त्या दाहक आंत्ररोगासाठी निवडलेल्या नव्हत्या.

क्रोन्स रोगाच्या १९४ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत भूमध्यसागरी आहाराची तुलना धान्ये व साखर वर्ज्य करणाऱ्या ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट’ आहाराशी करण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा आठवड्यांनी लक्षणे शमलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४३.५ व ४६.५ टक्के होते, म्हणजे दोहोंत अर्थपूर्ण फरक नव्हता. परिणाम सारखाच असेल तर कमी जाचक आहार निवडणे मनाच्या दृष्टीने श्रेयस्कर ठरते, आणि या चाचणीचे व्यावहारिक महत्त्व त्यातच आहे.

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात विकसित झालेल्या अल्प-फॉडमॅप आहारात आतड्यात सहज आंबणारी कर्बोदके कमी केली जातात. शमनकाळातही पोटफुगी व कळा राहिलेल्या ५२ रुग्णांवर लंडनमध्ये झालेल्या चार आठवड्यांच्या चाचणीत ५२ टक्के रुग्णांना समाधानकारक आराम मिळाला. तुलनेच्या आहारावरील १६ टक्के रुग्णांना तो मिळाला. दाहाच्या निदर्शकांत मात्र फरक पडला नाही आणि उपयुक्त मानले जाणारे काही जिवाणू घटले. त्यामुळे हा आहार काही आठवड्यांपुरता, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि पदार्थ टप्प्याटप्प्याने परत सुरू करण्याच्या अटीवरच दिला जातो. हा शेवटचा टप्पा सुटला, तर तात्पुरता उपचार कायमची वर्ज्यता होऊन बसतो.

मुलांच्या क्रोन्स रोगात सहा ते आठ आठवडे केवळ द्रवरूप पोषण देणे हा मान्य प्राथमिक उपचार आहे. स्टेरॉइडांचे दुष्परिणाम त्यामुळे टळतात आणि वजन वाढते. परंतु घरातील सर्व जण जेवत असताना आणि शाळेत डबे उघडले जात असताना पेल्यातील एकाच चवीच्या पेयावर राहणे मुलाला जड जाते. काही अन्नपदार्थांना मुभा देणारी ‘क्रोन्स रोग वर्ज्य-आहार’ ही पद्धत अंशतः याच अडचणीतून पुढे आली.

भारतातील संदर्भ

भारतात क्रोन्स रोग आणि आतड्याचा क्षय यांतील फरक ओळखणे कठीण असते. दोन्हींत लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ व्रण होतात आणि सूक्ष्मदर्शकाखालील चित्रही मिळतेजुळते असू शकते. अनेक रुग्णांना प्रथम क्षयाची औषधे दिली जातात आणि निदान लांबल्याने कुपोषण व अनिश्चितता दोन्ही वाढतात. क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिडमुळे ब६ जीवनसत्त्व घटते, म्हणून त्यासोबत पायरिडॉक्सिन दिले जाते. शाकाहारी रुग्णांच्या आहारात ब१२ मुळातच कमी असते. आतड्याच्या आजाराची त्यात भर पडल्यास तूट लवकर उद्भवते.

मराठी घरांत आजारपणाशी ‘पथ्य’ ही कल्पना जोडलेली आहे. पथ्य हा शब्द वैद्यकीय असला तरी त्याला आचरणशुद्धीचा अर्थही चिकटलेला असतो. आजार उफाळला की ‘पथ्य मोडले असेल’ असा निष्कर्ष घरात काढला जातो आणि रुग्णही तो मान्य करतो. वास्तविक औषध बंद करणे, आतड्याचा जंतुसंसर्ग, वेदनाशामक गोळ्या किंवा आजाराची स्वाभाविक चढउतार ही कारणे पुष्कळदा असतात, आणि अनेकदा कोणतेच कारण सापडत नाही. अपराधी भावनेमुळे रुग्ण लक्षणे लपवतो आणि डॉक्टरकडे उशिरा जातो.

उलट बाजूने पंगतीतील आग्रह हाही ताणाचा विषय असतो. आजार बाहेरून दिसत नसल्याने नकार हा शिष्टपणा वाटतो, आणि त्याचे खरे कारण चारचौघांत सांगणे संकोचाचे असते. कांदा, लसूण, गहू, तूर व चवळी हे सर्व फॉडमॅपयुक्त पदार्थ असल्याने अल्प-फॉडमॅप आहार येथील स्वयंपाकात फार थोड्या गोष्टी शिल्लक ठेवतो. भात आणि हिंगाची फोडणी यांचा त्यात आधार होतो. दूध सरसकट बंद करण्याचा सल्लाही सर्वत्र ऐकू येतो. दुधातील लॅक्टोज न पचणाऱ्यांना तो लागू आहे, परंतु अशांपैकी अनेकांना दही व ताक चालते, आणि स्टेरॉइड घेणाऱ्याला कॅल्शियमची गरज अधिक असते.

हळदीसंबंधीच्या दाव्यांचे उदाहरण बोलके आहे. २०१५ मधील एका चाचणीत व्रणीय बृहदांत्रशोथाच्या ५० रुग्णांपैकी ज्यांना मेसालामाइनसोबत दररोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिले, त्यांच्यात महिन्याभरात लक्षणीय सुधारणा झाली. हळदीत कर्क्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असते. म्हणजे तेवढ्यासाठी दररोज सुमारे १०० ग्रॅम हळद खावी लागेल. दूध-हळदीच्या भरवशावर औषध थांबवणाऱ्याला या चाचणीचा आधार नाही.

तपासणी आणि व्यवस्थापन

नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत भूक, झोप व थकवा यांविषयी प्रश्न असतात. ही लक्षणे दाहामुळेही होत असल्याने गुण फुगलेले येऊ शकतात. रुग्णालयातील रुग्णांसाठी १९८३ मध्ये तयार केलेली ‘हॅड्स’ ही मोजपट्टी अशी शारीरिक लक्षणे बहुतांशी वगळते, म्हणून संशोधनात तिचा वापर अधिक होतो.

अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने २०२४ मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार, विशेष अडचण नसल्यास सर्व रुग्णांनी भूमध्यसागरी धाटणीचा आहार घ्यावा. मात्र प्रौढांत आजार उफाळण्याचे प्रमाण खात्रीने कमी करणारा आहार अद्याप आढळलेला नाही. अल्सर, अरुंद आतडे किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या काळात भाज्या व फळे शिजवून, साल व बिया काढून घेतल्यास तंतू पूर्णपणे सोडावे लागत नाहीत. आहारतज्ज्ञ नवा पदार्थ वर्ज्य करताना त्याची मुदत आणि तो परत सुरू करण्याची तारीख आधीच ठरवतात. रोजची खाद्यनोंद काही रुग्णांना उपयोगी पडते. अतिचिंता असलेल्यांत मात्र तीच वेड लागल्यासारखी पाळली जाते व थांबवावी लागते.

अन्नाची भीती प्रबळ असल्यास संज्ञानात्मक वर्तनोपचारात टाळलेले पदार्थ सोप्यापासून अवघडाकडे, अल्प प्रमाणात, ठरावीक दिवशी खाऊन पाहिले जातात. त्यापूर्वी मलातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करून दाह खरोखर शमला आहे का, हे पाहिले जाते. मध्यम किंवा तीव्र नैराश्यात आहारबदल हा औषधे व मानसोपचार यांचा पर्याय नसतो. आत्महत्येचे विचार येत असल्यास तातडीने मनोविकारतज्ज्ञाची मदत घ्यावी लागते. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे.